डोंगराचं नाव रोय

कर्णा तिसऱ्यांदा वाजून थांबला आणि कुंडाभोवती बसलेली शे-दीडशे माणसं समोरच्या कड्याकडे टक लावून बघू लागली. कडा कोरडा ठणठणीत होता. जुलै संपत आला होता, कित्येक दिवस पावसाचा पत्ता नव्हता, आणि वरपासून खालपर्यंत नुसता काळा दगड आणि वाळून पापड झालेलं शेवाळ. या धबधब्याला गावात 'मुका' म्हणतात ते उगाच नाही. बर्फ वितळायच्या दिवसांत काय बोलेल तेवढंच, मग वर्षभर तोंड बंद.

"थांबा," खडकावर उभा असलेला माणूस म्हणाला. सगळे त्याला 'वाटाड्या' म्हणत. अंगात राखाडी लोकरीचा झगा, पाय अनवाणी, हातात बर्च झाडाच्या सालीने गुंडाळलेला माणसापेक्षा लांब लाकडी कर्णा. "मी पाण्याला बोलावत नाही. मी कोण बोलावणारा? डोंगर आपल्या आसवांना बोलावतो. मी फक्त त्याचा घसा आहे."

खाली डोंगरात घुसलेल्या खाडीच्या, फ्योर्डच्या, काठापासून तीन तास चढून आलेल्यांना थांबा म्हणून सांगावं लागत नाही. त्यांचे पाय तसेही कामातून गेले होते. कुणी थर्मासमधली कॉफी ओतत होतं, कुणी संत्रं सोलत होतं. मग वाटाड्याने डोळे मिटून गुणगुणायला सुरुवात केली, लोकांनी सूर धरला, आणि एखादं गाणं संपेल एवढ्यात कड्याच्या माथ्यावरून एक चंदेरी धार डोकावली. धारेची दोर झाली, दोराचा पडदा झाला, आणि धाडकन सगळा कडाच पाणी होऊन कुंडात कोसळला. कुंडाच्या मधोमध सपाट दगड होता, त्यावर एक टोपली होती, टोपलीत माणसांची औषधं होती. गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, श्वासाचे पंप. पाण्याने टोपली उचलली आणि घळीत नेऊन भिरकावली.

"वाहून गेलं ते औषध नव्हतं," वाटाड्या पाण्याच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "ती तुमची भीती होती. गोळी म्हणजे काय? एका घाबरलेल्या माणसाने दुसऱ्या घाबरलेल्या माणसाला दिलेली चिठ्ठी."

माणसं रडत होती. एकमेकांना मिठ्या मारत होती. बसमध्ये शेजारी कुणी बसलं तर अंग चोरणारी ही माणसं. दूर कुठेतरी गुरांच्या घंटा वाजल्या आणि वाटाड्याने बोट वर केलं. "ऐका. डोंगराच्या घंटा."

सगळ्यांच्या मागे बसलेल्या सुन्नीवाने दात आवळले. खाली गावात औषधाचं दुकान चालवणारी ही बाई. या टोपलीतल्या निम्म्या पट्ट्यांवर तिच्याच हातची लेबलं होती. कोण कशावर आहे, कोण किती दिवसांत फिरकलेलं नाही, हे तिला पाठ होतं आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. धंद्याची शपथ आड येत होती.

ती उठून पाण्याच्या कडेला गेली. लोकांसारखीच वाकली, ओंजळ भरली. आणि वाकलेलीच राहिली.

पाणी कोमट होतं.

माथ्यावरच्या बर्फाचं पाणी हाडं गोठवतं, हे या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ओंजळीत हा कोण? पाण्यावर चालणारा लांब तंगड्यांचा किडा बिचारा उताणा पडून पाय झाडत होता. हा किडा साचलेल्या, ऊन खाल्लेल्या पाण्यात राहतो. बर्फाकडे असले पाहुणे नसतात.

*

सुन्नीवा इथे सहज आली नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीला, ओद्नीला, जाऊन वर्ष होत आलं होतं.

ओद्नीच्या हृदयात कृत्रिम झडप होती. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेतली की ओद्नी ठणठणीत. गाणारी, भांडणारी, नवऱ्याला घाटातून पळवणारी. गेल्या उन्हाळ्यात नवरा तिला इथे घेऊन आला आणि तिने गोळ्या टोपलीत ठेवल्या. शरद लागायच्या आत झडपेवर गुठळी धरली, तिथून ती मेंदूत गेली. सकाळी कॉफी करताना किटली हातातून सुटली आणि ओद्नीही.

मेल्यावर तिच्या पर्समध्ये गोळ्यांची एक पट्टी सापडली. सुन्नीवानेच हातापाया पडून दिलेली. ओद्नीने त्यातली एकही घेतली नव्हती, पण टाकलीही नव्हती. ही गोष्ट वाटाड्याच्या कानावर गेली, आणि त्या माणसाने तिच्या दफनाच्या दिवशी, कॉफीचा कप हातात धरून, नवऱ्याला सांगितलं, "तिची श्रद्धा अर्धी होती, हाल्वोर. पाणी अर्ध्या माणसाला पेलत नाही. ती पट्टी कुणी दिली, ते तुझं तू बघ."

तेव्हापासून हाल्वोर मेहुणीशी धड बोलत नव्हता. आणि आज उतरताना बोलला तो हे.

"ताई, तू कशाला आलीस? बघायला, की नजर लावायला?"

"बहिणीला कुणी मारलं ते बघायला."

"तू पट्टी दिली नसतीस तर..."

"तर ती त्या पट्टीवाचून मेली असती. आताही तशीच मेली. हाल्वोर, ती गोळी न घेतल्याने गेली. हे तुला कळतं. तू सुतारकाम करतोस, खुळा नाहीस."

हाल्वोर पुढे चालत राहिला. त्याला कळत होतं. पण वाटाड्या खोटा ठरला तर बायकोला या डोंगरावर चढवणारा कोण, या प्रश्नाला एकच उत्तर उरत होतं, आणि त्या उत्तराबरोबर माणसाला झोप लागत नाही. म्हणून तो दर शनिवारी चढत होता.

मधे चालणारी सिग्ने, हाल्वोर आणि ओद्नीची मुलगी, थांबली. पोरगी एकोणीस वर्षांची, आईसारखंच नाक. लहानपणापासून मधुमेह, जेवणाआधी पोटात इन्सुलिनचं पेन टोचायचं, हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं.

"मावशी, भांडू नका. मी ठरवलंय. आईने अर्धं सोडलं. पुढच्या शनिवारी मी पूर्ण सोडणार."

"काय सोडणार?"

"पेनं. सगळी."

सुन्नीवाचा पाय झाडाच्या मुळीत अडकला. "सिग्ने, इन्सुलिन म्हणजे काही सिगारेट नव्हे सोडायला. आठवडासुद्धा नाही काढणार तू."

"वाटाड्या म्हणतो, भीतीच..."

"वाटाड्याला शरीरातली साखर कुठे असते ते तरी ठाऊक आहे का? हा माणूस आधी काय करायचा, माहितीये? शहरात गाद्या विकायचा. तेव्हा म्हणायचा, झोपेने सगळं बरं होतं. आता म्हणतो, पाण्याने. उद्या चटया विकायला लागला तर तू जमिनीवर झोपशील?"

सिग्ने हसली नाही. "मी सज्ञान आहे, मावशी. आणि आईचं काम अर्धं राहिलंय."

हे ऐकलं आणि सुन्नीवाच्या पोटात जे दुःख वर्षभर नुसतं बसून होतं ते उठून उभं राहिलं. आई मारून भागलं नाही, आता मेलेल्या आईच्या नावावर लेक मागतोय. ठीक आहे, ती मनात वाटाड्याला म्हणाली. तुला मी पोलिसात देणार नाही. आधी तुला मी या लोकांत देणार आहे.

*

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती डोंगराच्या पाठच्या बाजूने चढली. लहानपणी उन्हाळाभर गुरं घेऊन आई आणि दोघी मुली याच बाजूच्या वरच्या कुरणावर राहायच्या. वाट तिला डोळे मिटून सापडली असती. नशीब, कारण डोळे उघडे ठेवून सापडत नव्हती.

दगडांवरच्या लाल खुणा गायब होत्या. या डोंगरात प्रत्येक वाटेवर दर थोड्या अंतरावर दगडावर लाल रंगाने इंग्रजी टी काढलेला असतो. दर जूनमध्ये गावचे लोक रंगाचे डबे घेऊन निघतात आणि खुणा नव्या करतात. धुकं उतरलं की तो टी म्हणजे माणसाचा जीव. सुन्नीवाने एका दगडावर नख घासलं. वरचा राखाडी रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली ताजा लाल दिसला. कुणीतरी ब्रश घेऊन, निवांत बसून, एकेक खूण बुजवली होती.

माथ्यावर पोचल्यावर तिला सगळं एका नजरेत कळलं आणि ती चक्क खाली बसून हसली, आणि हसता हसता रडली.

लाकडं वाहून न्यायच्या काळातला जुना बांध होता तो. तिचे आजोबा हिवाळ्यात झाडं तोडायचे, वसंतात या बांधात पाणी अडवायचे, आणि फळी उचलून एका दमात ओंडके खाली लोटायचे. तो धंदा कधीच बसला. बांध सडला असेल असं सगळं गाव धरून चाललं होतं. सडला नव्हता. त्याला नव्या फळ्या बसवल्या होत्या, फळी उचलायच्या साखळीला ताजं वंगण होतं. मागे उथळ तळं उन्हात तापत पडलं होतं, त्यावर लांब तंगड्यांचे किडे मजेत फिरत होते. आणि साखळीजवळ एक घडीची खुर्ची, तिच्याखाली संत्र्यांच्या सालींचा ढीग. डोंगराची आसवं ढाळणारा इसम खुर्चीवर बसून संत्री खात होता तर.

मोबाइलला या बाजूला रेंज नाही. इथून कुंडही दिसत नाही. मग खुर्चीवाल्याला कळायचं कसं, साखळी केव्हा ओढायची?

कर्ण्याने. त्यासाठीच तर कर्णा बनवला बापजाद्यांनी. एका कुरणावरून दुसऱ्या कुरणावर सांगावा धाडायला.

आणि सांगावा कुठला? सुन्नीवाने तो सूर ओठांवर घोळवला आणि तिच्या अंगावर काटा आला. काल तो तिने ऐकला होता, पण संतापाच्या भरात ओळखला नव्हता. हा तर आईचा सूर. खोऱ्यातल्या सगळ्या बायकांचा. ये गं दागरोस, ये गं स्त्येर्ना, दुधाची वेळ झाली. वाटाड्याने कुठल्याशा जुन्या ध्वनिफितीतून उचलला असणार आणि 'आदिपर्वताचा हुंकार' म्हणून खपवला. शे-दीडशे माणसं डोळे मिटून ज्या मंत्रावर डुलत होती, तो गाईंना गोठ्यात बोलावायचा होता.

"थांब," ती तळ्याला म्हणाली. "शनिवार येऊ दे."

उतरताना ती आस्लाकच्या कुरणाकडून गेली. या डोंगरावर अजून गुरं चारणारा हा एकटा म्हातारा, आणि खुणा रंगवणाऱ्यांचा म्होरक्या. कान गेलेले, ओठ बघून समजून घ्यायचा; जीभ मात्र शाबूत.

"आस्लाककाका, वाटाड्याबद्दल तुमचं काय मत?"

"मत कशाला लागतं? दुसऱ्याच्या अंगणात आपण बघत नाही."

हा या खोऱ्याचा रोग. शेजारी पेटला तरी आधी दारावर टकटक करतील. गावात निम्म्यांना काहीतरी काळंबेरं वाटत होतं, पण विचारायचं कुणी? शिवाय पाहुण्यांनी घरं भरत होती, तपकिरी चीज लावलेले वॉफल खपत होते. गोड घास तोंडात असला की जीभ हलत नाही.

"बरं. गाई कशा आहेत?"

"वेड्या झाल्यात. शनिवार आला की भर दुपारी चरणं सोडून धावत सुटतात. सड भरलेले नसताना. आणि गोठ्याकडे नाही, तिकडे, जुन्या बांधाकडे. डॉक्टरला दाखवल्या, तो म्हणाला हवामान."

सुन्नीवाने ओठ चावला. "पाठच्या वाटेच्या खुणा तुम्ही कधी रंगवल्या?"

"जूनमध्ये. मी स्वतः. का?"

"शनिवारी मुक्याकडे या. आणि रंगाचा डबा घेऊन या."

*

शनिवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. ओद्नीची मुलगी पूर्ण सोडणार, ही बातमी वाटाड्यानेच पसरवली होती. सिग्नेला त्याने पुढे बसवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाला, "हिची आई अर्धी आली होती. लेक पूर्ण आलीये. आज डोंगर एक घर पुरं करणार."

सिग्नेने पेनं टोपलीत ठेवली. हाल्वोर तिच्याकडे बघत नव्हता. आपल्या बुटांकडे बघत होता.

सुन्नीवा मागच्या उंचवट्यावर उभी होती. पाठीवरच्या पिशवीला तंबूच्या काठीसारखं काहीतरी रेनकोटात गुंडाळून बांधलं होतं. तो आईचा कर्णा. तिने तो सोडला, साल हाताने पुसली.

दर वेळी वाटाड्या टोपली घेऊन कोरड्या कुंडात उतरायचा, सपाट दगडावर ठेवून तिला हात जोडायचा, मग सावकाश वर येऊन कर्णा फुंकायचा. आजही तो उतरला. झगा सांभाळत, पावलं मोजत, चेहऱ्यावर ते संतपण. दगडापाशी पोचला. टोपली ठेवली. हात जोडले.

फळी उचलल्यापासून पाणी यायला एक गाणं जातं, हे तिला ठाऊक होतं. कुंडातून बाहेर यायला तेवढा वेळ भरपूर. हेही तिने बघून ठेवलं होतं. पण खरं सांगायचं तर, कर्णा तोंडाला लावताना क्षणभर तिला वाटलं, वेळ कमी असता तर बरं झालं असतं. वाटलं ते वाटलं. मग तिने छाती भरून घेतली आणि फुंकलं.

ये गं दागरोस, ये गं स्त्येर्ना.

लोकांना वाटलं हा आजचा नवा विधी. माना डुलू लागल्या. वाटाड्याची मात्र मान डुलली नाही. ती ताठ झाली. त्याने खडकावर ठेवलेल्या आपल्या कर्ण्याकडे पाहिलं, सुन्नीवाकडे पाहिलं, कड्याच्या माथ्याकडे पाहिलं. ती दुसऱ्यांदा फुंकत होती. तिसऱ्यांदा.

आणि वाटाड्या पळाला.

झगा कमरेपर्यंत उचलून, गुडघ्यांवर आपटत, चार पायांवर, कसाही. टोपली राहिली तिथेच. "नको!" तो वर बघून ओरडत होता. "रोय! आत्ता नको! बंद कर! रोय, मी खाली आहे!"

कडा त्याचा आवाज परत देत होता. रोय, रोय, रोय.

"रोय कोण?" पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीला विचारलं.

"डोंगराचं नाव असेल," सुन्नीवा उंचवट्यावरून म्हणाली. "विचारा त्याला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण हाल्वोर हसत नव्हता. तो उठून उभा राहिला होता. ज्या पाण्याने त्याच्या बायकोला नाकारलं म्हणे, त्या पाण्यापासून डोंगराचा लाडका वाटाड्या शेपूट घालून पळत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हाल्वोरने आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी पाहिलं. त्याने कड्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि कुंडात उडी मारली.

"हाल्वोर, अरे..." सुन्नीवाच्या हातून कर्णा पडला. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

माथ्यावर धार दिसली. सिग्ने "बाबा" म्हणून उठली, तिला दोघांनी धरून ठेवलं. हाल्वोर दगडापर्यंत पोचला, टोपली छातीशी धरली आणि वळला. पाण्याचा पहिला फटका त्याच्या पाठीत बसला, तो गुडघ्यावर आला, पण टोपली सुटली नाही. काठावरून आस्लाकने आपली काठी पुढे केली, दोघातिघांनी आस्लाकला धरलं, आणि हाल्वोर ओला चिंब बाहेर ओढला गेला.

तो सिग्नेपुढे बसला. टोपली तिच्या मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या आईला मीच वर आणलं गं."

"बाबा," सिग्ने म्हणाली आणि त्याचं ओलं डोकं तिने पोटाशी धरलं.

*

वाटाड्या तोवर सावरला होता. असली माणसं मांजरासारखी चार पायांवर पडतात.

"बघितलंत?" तो धापा टाकत म्हणाला. "अशुद्ध तोंडाने फुंकलं की डोंगर कोपतो. या बाईने..."

"कोपला? गेल्या शनिवारसारखंच पाणी आलं की," सुन्नीवा खाली येत म्हणाली. "मी तर औषधवाली. घाबरलेल्यांना चिठ्ठ्या देणारी. माझ्या श्रद्धेचा पत्ता नाही. मग माझ्या फुंकरीने पाणी आलंच कसं? आणि तू डोंगराचा घसा, मग तू पळालास कशाला?"

"मी... लोकांना सावध करायला."

"लोक काठावर होते. कुंडात तू एकटा होतास. आणि रोय कोण?"

सुन्नीवाने लोकांकडे वळून सांगितलं, "ज्यांचे पाय चालतात त्यांनी माझ्याबरोबर या. रोयची ओळख करून देते."

पाठच्या वाटेने चढताना तिने आस्लाकला पहिला दगड दाखवला. म्हाताऱ्याने नखाने राखाडी पापुद्रा काढला. मग दुसऱ्या दगडावरचा. तिसऱ्यापाशी तो थांबला आणि वाटाड्याकडे वळला. तोवर वाटाड्याला चौघांनी मधे घेतलं होतं.

"खुणा पुसल्यास?" आस्लाक म्हणाला. "धुकं आलं असतं तर?"

एवढंच. पण खोऱ्यातली जी माणसं वर्षभर दुसऱ्याच्या अंगणात बघत नव्हती, त्यांचे चेहरे त्या क्षणी बदलले. माणूस मेला तेव्हा हे गप्प होते, खुणा पुसल्या म्हणून पेटले. सुन्नीवाला त्याचा राग आला. पण तिने तो मागे ठेवला. उशिरा का होईना, पेटले.

बांधावर रोय खुर्चीत बसला होता. वाटाड्याचा आतेभाऊ, हातात अर्धं संत्रं. एवढा जमाव येताना पाहून त्याने ते हळूच खिशात घातलं.

"मला कर्णा ऐकू आला," तो म्हणाला. "मी ओढली साखळी. माझं काय चुकलं?"

"तुझं काहीच चुकलं नाही बाळ," सुन्नीवा म्हणाली. "तूच तर डोंगर."

मग तिने प्रत्येकाला साखळीला हात लावायला लावला. ही फळी, हे तळं. कर्णा वाजला की हा ओढतो. पाणी कोमट, कारण उन्हात तापलंय. कुणाला चार दिवस बरं वाटलं असेल, तर तीन तासांची चढण, मोकळी हवा, सोबतीची माणसं, म्हणून. सर्दी आपली आपण जाते. झडपेवरची गुठळी जात नाही. एकेक जण साखळी ओढून बघत होता, आणि खाली मुका प्रत्येकासाठी न चुकता बोलत होता. श्रद्धावान, नास्तिक, चिडलेला, रडलेला, कुणालाच त्याने नाही म्हटलं नाही.

"मी कुणाला औषध सोड म्हटलं नाही," वाटाड्या पुटपुटला. "त्यांनी स्वतः ठेवली."

"बरोबर," हाल्वोर म्हणाला. ओल्या कपड्यांत वाऱ्याने त्याचे दात वाजत होते. "तू नुसती टोपली धरलीस."

सुन्नीवाने फळी खाली टाकली, साखळीला गाठ मारली आणि खालून आणलेला वाटाड्याचा कर्णा त्याच्या हातात दिला.

"फुंक."

"कशाला आता..."

"माझ्या बहिणीची श्रद्धा अर्धी होती ना? तुझी तर पूर्ण आहे. फुंक, आणि आण पाणी."

त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणी त्याच्या बाजूने नव्हतं. त्याने फुंकलं. लोक फळीकडे बघत बसले. फळी जागची हलली नाही.

"अजून."

तो फुंकत राहिला. चेहरा लाल, मग जांभळा. सूर फाटला, ओठ फुटले, हनुवटीवर लाळ आली. एक बाई म्हणाली, पुरे आता. सुन्नीवा म्हणाली, "नाही. एकदा ओद्नीसाठी." आणि त्याने ओद्नीसाठी फुंकलं, आणि सुन्नीवाने डोळा न मिटता बघितलं. समाधान झालं का तिला? झालं. त्याची लाज वाटली का? नाही.

पाणी आलं नाही. पण उतारावरून घंटा वाजत आल्या. डोंगराच्या घंटा. आधी एक तपकिरी डोकं, मग पाठोपाठ सगळ्या. आस्लाकच्या गाई कान टवकारून, धावत, थेट वाटाड्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. एकीने त्याच्या झग्यात नाक खुपसलं.

आस्लाकला सूर ऐकू आला नव्हता, पण गाई दिसल्या. त्याने कर्ण्याकडे पाहिलं, गाईंकडे पाहिलं, आणि सगळ्या शनिवारांचा उलगडा त्याच्या चेहऱ्यावर उमटला.

"दुधाला बोलावलंस ना?" तो म्हणाला. "मग बस खाली आणि काढ."

तेव्हा मात्र सगळा डोंगर हसला. ज्यांनी वाटाड्याच्या पायांवर डोकी ठेवली होती ती माणसं सगळ्यात मोठ्याने हसली, आणि हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढं पाणी खरं होतं.

वाटाड्याला त्याच संध्याकाळी हाल्वोरने पोलीस ठाण्यात नेऊन बसवलं. पुढे कायद्याचं काय व्हायचं ते होईल. ओद्नी परत येणार नाही, हे सुन्नीवाला ठाऊक आहे. म्हणून ती आता धबधबा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते: बोलावल्यावर पाणी आलं तर हात जोडू नका. आधी हात घालून बघा, गरम आहे की गार. मग वर चढा आणि बघा, साखळी कुणाच्या हातात आहे. देव असेल तर तपासल्याने रागावणार नाही. रागावतो तो गादीवाला. आणि काहीही झालं तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय आपली गोळी कुणाच्या टोपलीत ठेवू नका.

त्या दिवशी बांधावर सगळ्यांनी डबे उघडले तेव्हा सिग्नेने बरोबर आणलेल्या टोपलीतून आपलं पेन शोधून काढलं. पाणी आत गेलेलं नाही ना, हे तिने मावशीकडून बघून घेतलं. मग शर्ट वर केला आणि सगळ्यांच्या देखत, आईच्या त्या ठसक्यात, पोटात टोचलं.

"आता दे," ती म्हणाली. "भूक लागलीये."

हाल्वोरने तिला संत्रं सोलून दिलं.